वेळापूर आलं. शेवटचे मुक्काम : दर्शनबारी, काला, की सरळ घर?

पावसाळी | बुधवार, रात्री ९.४०

वेळापूरच्या तळावरून लिहितेय. पॉवर बँक दिंडीतल्या एका दादांची आहे, त्यामुळे भराभर.

आळंदीपासून माउलींबरोबर चालतेय, रथामागच्या एका दिंडीत. पहिलीच वारी. दिवेघाट, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं झालं. आज खुडूसला गोल रिंगण पाहिलं आणि मग धाव्याच्या उतारावरून पळाले. (माहीत नसलेल्यांसाठी : इथल्या चढावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आता समोर ऊस आणि मोबाइलचे टॉवर दिसतात. तरी माणसं पळतात. साठी उलटलेल्या बायका पदर खोचून माझ्या पुढं निघून गेल्या.)

आता विचारायचंय ते. पंढरपूर जवळ येईल तसं मन निवत जाईल अशी माझी समजूत होती. इथं भलतंच चाललंय. फलटण-बरडपर्यंत आमची दिंडी एकजीव होती. आता राहुटीत जागेवरून तणतण, भिशीच्या (म्हणजे जेवणखर्चाच्या सामायिक वर्गणीच्या) हिशोबावरून कुजबुज, विणेकऱ्यांच्या पुढं कोण गेलं त्यावरून रुसवे. आणि रात्री जो तो फोनवर : गाडी कुठून, किती वाजता, आमचं जेवण ठेवू नका. माझ्या शेजारच्या उदगीरकडच्या आजी तर परवापासून गावात कुणाकुणाला किती चुरमुरे वाटायचे याची यादी करताहेत. मीही काही वेगळी नाही. आज रिंगणात अश्व सुटायच्या वेळी मी ऑफिसच्या ईमेलला उत्तर देत होते.

तर ज्यांनी वारी केली आहे त्यांनी सांगा. हे असंच असतं का? आणि पुढं काय करू? पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहू की कळसाला हात जोडून निघू? द्वादशीला पारणं सोडून ठाण्याला परतावं की पौर्णिमेच्या काल्यापर्यंत, म्हणजे वारीच्या सांगतेपर्यंत, थांबावं? रजा मंगळवारपर्यंत आहे, ताणली तर ताणेल.

---

भीमाकाठ | बुधवार, रात्री १०.१५

ताई, पंढरपुरातनं लिहितोय, घर प्रदक्षिणा रस्त्यालगत. तुमी रांगेचं विचारलंय म्हणून आजचं सांगतो. बारी आत्ताच पत्राशेडच्या पुढं गेलीय, गोपाळपूरच्या दिशेनं. दशमी-एकादशीला आणि वाढती. एकादशीच्या दिवशी रांगेत शिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी देवापुढं पोचतो, हे दरसालचं आहे. त्यात तुमी चालून आलेल्या. उभं राहाणं चालण्यापेक्षा वाईट, हे ध्यानात ठेवा.

मुखदर्शनाची, म्हणजे लांबून नुसतं मुख बघायची, रांग वेगळी आणि बरीच लवकर सरकते. ते जमलं तर बघा. नाहीतर नामदेव पायरीला डोकं टेकवा, कळस बघा. आमच्या गल्लीत उतरणारी निम्मी म्हातारी मंडळी एवढंच करतात आणि त्यांना काही कमी पडल्यागत वाटत नाही.

एक गंमत सांगतो. आषाढीच्या आधी चांगला दिवस बघून देवाचा पलंग काढतात. म्हणजे शेजारती बंद, झोपणं बंद, चोवीस तास दर्शन. देव उभाच, म्हणून पाठीला मऊ लोड लावतात. रुक्मिणीमातेलाही. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा, गरम पाण्यानं स्नान, आणि शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य. तवा तुमचे पाय दुखत असले तर तिकडंही तीच परिस्थिती आहे.

---

चार्वाक_रिटर्न्स | बुधवार, रात्री १०.३२

अडीचशे किलोमीटर चालून शेवटी दर्शन न घेता परत यायचं? मग चालायचं कशाला? प्रामाणिक प्रश्न आहे, खोचक नाही. (थोडा खोचक आहे.)

---

पडशी | बुधवार, रात्री ११.०५

चार्वाकराव, खोचक असला तरी प्रश्न बरोबर आहे, सावकाश उत्तर देतो. आधी ताईंचं.

पावसाळी, तुमच्या दिंडीत बिघडलं काही नाही. बहुतेक दिंड्यांत हे वेळापूर-भंडीशेगावच्या आसपास सुरू होतं. सासवड-जेजुरीपर्यंत माणूस नवलाईवर चालतो. पुढं लोणंद-फलटणला अंग रुळतं. त्या मधल्या पट्ट्यात घर मागं गेलेलं असतं आणि पंढरपूर अजून लांब असतं, म्हणून तिथं सगळे गुण्यागोविंदानं राहतात. वेळापूर आलं की घर पुन्हा जवळ येतं. पाय इथं, पण प्रत्येकाच्या डोक्यात आपापला उंबरठा. मग तंबूतली हातभर जागाही सोडवत नाही. हे आमच्या दिंडीत दरसाल होतं आणि दरसाल नवी मंडळी मला विचारतात, 'काका, आपल्यात भांडणं कशी?'

संध्याकाळच्या समाजआरतीकडं लक्ष द्या. चोपदार चोप उंच करतात, लाखांचा तळ गप्प होतो, आणि एखाद्याच दिंडीतून टाळ वाजत राहतात. ज्यांची तक्रार असते त्यांनी टाळ थांबवायचे नाहीत, अशी रीत आहे. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग आरती. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला लष्करी शिस्त लावली असं आपण म्हणतो, पण त्या शिस्तीत तक्रारीला जागा ठेवली आहे हे कमी लोक बोलतात. म्हणजे भांडणं होणार हे धरूनच हा सोहळा बांधलेला आहे.

आता माझं मत. काल्यापर्यंत थांबा. दशमीला वारी संपते असं जे टीव्हीवर दिसतं ते कॅमेऱ्यांचं वेळापत्रक झालं. माउली पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून, विठ्ठलाची भेट घेऊन निघतात. ज्यांच्याबरोबर आलो त्यांना तिथं ठेवून आधीच गाडीत बसायचं हे मला तरी जमत नाही.

---

नाना_परभणी | गुरुवार, पहाटे ५.१०

पडशी काका, पाया पडून एक बोलतो. तुमाला पेन्शन हाय, थांबा. आमी गावच्या दिंडीत परभणीकडून चालत येतो, विसेक माणूस. औंदा निघताना नुसती धूळपेरणी झाली, निम्मं रान तसंच. परवा रात्री घरून फोन आला, पाऊस झाला, वाफसा आला की पेरायचं, बियाणं घरात पडून. आता मी काल्याची वाट बघत पाच दिस थांबलो तर वाफसा थांबणार हाय का?

आमच्यातली बरीच माणसं दशमीला चंद्रभागेत बुडी मारतेत, कळस बघतेत, आणि रातच्या गाडीनं माघारी. माझा बाप असंच करायचा. देवळात आत शिरलेला मी त्याला कधी बघितला नाही. एकादशी शेतात, उपास बांधावर. त्याची वारी अर्धी म्हणायची का मंग?

चार्वाक साहेब, तुमचं उत्तर बी ह्यातच हाय. आपण आलो हे त्याला दिसलं, झालं.

---

पडशी | गुरुवार, सकाळी ६.२०

नाना, तुमच्या वडिलांची वारी अर्धी म्हणणारा मी कोण? मी ताईंना सांगत होतो, त्यांची पेरणी रजेच्या अर्जावर आहे म्हणून. आणि पेन्शनचा टोमणा पोचला. खरा आहे.

---

ओपीडी_बंद | गुरुवार, सकाळी ७.४५

वारीच्या मार्गावर वैद्यकीय पथकात काम केलेलं आहे, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. शेवटच्या टप्प्यात लोक पायांकडं दुर्लक्ष करतात. 'आता काय, दोन दिवस राहिले.' तंबूत गर्दी नेमकी तेव्हाच वाढते.

फोड फुटला नसेल तर फोडू नका. फारच टरारला असेल आणि चालवत नसेल तर आमच्याकडं या. निर्जंतुक सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढू, पण वरची कातडी ठेवायची, सोलायची नाही. हळद, चुना, राख, दंतमंजन यातलं काहीही जखमेवर नको. (दंतमंजन हे मी कल्पनेनं लिहिलेलं नाही.) मांड्या घासून सोलवटल्या असतील तर कोरड्या ठेवा, व्हॅसलीन लावा, ओल्या कपड्यात चालू नका.

उघड्या जखमा, भेगा घेऊन चंद्रभागेत फार वेळ उभं राहू नका. श्रद्धेच्या आड येत नाही, पटकन डुबकी घ्या, बाहेर येऊन स्वच्छ पाण्यानं पाय धुवा, पुसा, कोरडे मोजे. पुढच्या काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना 'वारीहून आलो, नदीत उतरलो होतो' हे आपणहून सांगा. त्यावर तपासण्या ठरतात.

मधुमेही मंडळींनी एकादशीच्या साबुदाण्याकडं जपून बघावं, आणि गोळ्या-इन्सुलिन चालू असताना निर्जळी उपास तर अजिबात नको. आणि एक. इतके दिवस चालून एकदम आठ-दहा तास गाडीत पाय लोंबकळत बसलात की दोन्ही पाय सुजतात, ते उतरतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, गरम लागली, तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

---

नकाशावाला | गुरुवार, सकाळी १०.२०

चंद्रभागा निघालीच आहे तर थोडं विषयांतर. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथं तिला चंद्रभागा म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तुम्ही आळंदीत ज्या इंद्रायणीकाठी प्रस्थान केलंत ती तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पुढं उजनीत अडते आणि तिथून सोडलेलं पाणी पंढरपूरला येतं. जिच्यात पादुकांना स्नान घातलंत ती नीराही नीरा-नरसिंगपूरला भीमेलाच मिळते. म्हणजे तुमच्या वाटेवरच्या दोन्ही नद्या आपापल्या वाटेनं पंढरपूरला आलेल्या आहेत. नीरेवर वीर धरण आहे. उजनी आणि वीर, दोन्हीकडून विसर्ग वाढला की नदीपात्रातलं वाळवंट पाण्याखाली जातं आणि पुंडलिकाच्या देवळाला वेढा पडतो. म्हणून शनिवारी नदीत उतरण्याआधी विसर्गाची बातमी बघा.

---

चार्वाक_रिटर्न्स | गुरुवार, सकाळी १०.४१

नकाशावाले, मुळा-मुठा विसरलात. तीही भीमेलाच मिळते, रांजणगाव सांडसला. म्हणजे अख्ख्या पुण्याचं सांडपाणीही वारीला आलेलं आहे. डॉक्टरांच्या पोस्टीला माझं अनुमोदन.

---

नकाशावाला | गुरुवार, सकाळी १०.४४

विसरलो नव्हतो. सकाळी सकाळी कशाला, म्हणून टाळलं होतं.

---

वऱ्हाडी_पळस | गुरुवार, दुपारी १.३०

काऊन भांडता बाप्पा. तुमचं आळंदीवाल्यांचं पंढरपूर म्हणजे शेवट. आमची शेगावची गजानन महाराजांची पालखी महिन्याच्या वर चालून पंढरपूरले येते, काल्यापर्यंत थांबते, आन् तिथून पायीच माघारी निघते. थेट शेगाव. सातशे किलोमीटरच्या आसपास जानं, आन् मंग तसंच येनं. आमच्यासाठी पंढरपूर म्हणजे अर्धी वाट.

शेवटचा दिवस खामगाव ते शेगाव. हे सतरा-अठरा किलोमीटर बघायसारखे असतात. अख्खा जिल्हा रस्त्यावर. पोट्टे, बाया, नोकरीवाले, अकोला-बुलडाण्याहून आलेले. पहाटे खामगावहून निघा, रस्ता दिसत नाई, नुस्ती डोकी. मी वारीत नाई गेलो कधी, खोटं कायले सांगू, पन खामगाव-शेगाव दरसाल चालतो. त्या दिवशी पालखीतले जे वारकरी दोन महिने चालून आले असतात, पांढरे कपडे, रांगेत, त्यायच्याकडे बघा. सारं गाव नाचते आन् हे लोक शिस्तीत, पावलाले पाऊल. एकाले इचारलं मी, का हो दादा, आता खुशी वाटत असन. तो म्हने, धा मिनिटं बसाले भेटलं तं वाटन.

---

पावसाळी | गुरुवार, रात्री ९.१५

भंडीशेगाव. पाय धडधडताहेत, पण तुमच्या सगळ्या पोस्टी जेवणाच्या रांगेत मोठ्यानं वाचून दाखवल्या. नाना, तुमची वाचल्यावर आमच्यातल्या दोन काकांनी काही न बोलता मान हलवली. दोघांचंही रान पेरायचं राहिलंय.

आज ठाकूरबुवांच्या समाधीजवळ रिंगण झालं आणि पुढं माउली-सोपानकाकांची भेट. दोन रथ समोरासमोर. मी बरीच मागं होते, मला दिसले फक्त उंचावलेले हात. तोंडल्या-बोंडल्याच्या लोकांनी भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगाची चटणी आग्रह करकरून वाढली. एका बाईंनी माझ्या पिशवीत दोन भाकऱ्या कोंबल्या आणि म्हणाल्या, 'वाखरीला गर्दीत काय मिळायचं न्हाई.'

भिशीवरून आज उघड खडाजंगी झाली. डिझेल, टँकर, आचाऱ्याची मजुरी, सगळं मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. उरलेले पैसे परत वाटायचे की पंढरपुरात अन्नदानाला द्यायचे, यावर दोन तट. मी कुठल्याही तटात नाही, मला झोप येतेय.

आजींची यादी वाढून दीड पानं झाली.

---

आडवाट | गुरुवार, रात्री १०.५०

मला वाखरी आवडत नाही, हे इथं लिहिलं तर मार खाईन का? भंडीशेगाव ते वाखरी बाजीराव विहिरीचं रिंगण म्हणजे शेवटचं मोठं. तिथपर्यंत ठीक. पण वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, तुकोबा, मुक्ताबाई, निवृत्तिनाथ, एकनाथ, सोपानकाका, आणि त्यांच्याबरोबर गाडीनं आलेले लाखो. जे आदल्या आठवड्यात आपल्या दिंडीचे होते ते त्या गर्दीत विरघळून जातात. शुभ्र इस्त्रीचे कपडे, सेल्फी काठ्या, गॉगल. आमचे कपडे मातकट, आणि आम्हालाच बाजूला व्हा म्हणतात. नव्या चौपदरी पालखी मार्गामुळं चालायला जागा भरपूर झाली हे खरं, पण जुनी झाडं गेली ती गेली, आणि ऊन पडलं की काँक्रीट खालून भाजतं. त्यावर गर्दी. मी वाखरीला दरवेळी चिडलेली असते.

---

भीमाकाठ | गुरुवार, रात्री ११.१०

आडवाट ताई, मार कशाला. पण ती इस्त्रीची माणसं आमच्या गावची पण असतात बघा. नामदेवरायांची पालखी पंढरपुरातनं सगळ्या संतांना आणायला वाखरीच्या वाटेला जाते, तिच्यामागं गाव निघतं. पाव्हणे आणायला जाताना मळके कपडे घालून कोण जातंय?

अजून एक. २०२० ला पादुका एसटीनं आल्या. गावात संचारबंदी. दशमीच्या रात्री आमच्या घरात एरवी साठ-सत्तर माणूस झोपतं, त्या साली आम्ही चौघं. गर्दीला नावं ठेवायची माझी सवय तवापासनं गेली.

---

आडवाट | गुरुवार, रात्री ११.३०

घ्या. आता चिडताही येत नाही.

---

ओपीडी_बंद | शुक्रवार, सकाळी ८.००

काँक्रीटचा मुद्दा खरा आहे. टाचा आणि नडग्या दुखण्याच्या तक्रारी त्यामुळं वाढतात. शक्य तिथं कडेच्या मातीवरून चाला.

---

चार्वाक_रिटर्न्स | शुक्रवार, दुपारी १२.१५

पडशी काका, माझं सावकाश उत्तर राहिलं.

---

पडशी | शुक्रवार, दुपारी ४.४०

राहिलं खरं. नानांनी माझ्यापेक्षा चांगलं दिलं, म्हणून गप्प बसलो होतो. पण तुम्ही विचारताय तर परतवारीचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी काल्यानंतर माउलींबरोबर परत चाललो. जाताना रथापुढं सत्तावीस दिंड्या आणि मागं अगणित. येताना मोजकी माणसं. वाटेत ना कमानी, ना फुलं, ना पाण्याचे स्टॉल. जाताना लावलेले पुढाऱ्यांचे फलक पावसानं फाटून लोंबत होते. जातानाचं दोन-दोन दिवसांचं अंतर येताना एकेका दिवसात. आषाढ वद्य दशमी-एकादशीला माउली आळंदीत पोचायला हव्यात, म्हणून लांबच लांब मजला. पहाटे अंधारात निघायचं आणि चालत सुटायचं. बोलायला ताकद नसते, त्यामुळं भांडायलाही नसते. पावसाळी, हे तुमच्यासाठी.

रस्ता तोच, पण जाताना तो मला दिसलाच नव्हता. जाताना पुढच्याची पाठ दिसते, पताका दिसतात, धूळ दिसते. येताना माळशिरस-नातेपुत्याकडं कडेला रानं दिसली. जाताना जिथं तिफण चालू होती तिथं बाजरी वीतभर वर आलेली. नातेपुत्याच्या अलीकडं एक माणूस रस्त्याच्या कडेला म्हशी धूत होता. पालखी आली तसा हात पुसून पुढं आला, पादुकांवर डोकं ठेवलं. जाताना त्याच्या दारात चार तास उभा राहूनही त्याला हात लावायला मिळाला नव्हता, असं म्हणाला. आता दोन मिनिटं मिळाली. मग परत म्हशीकडं.

फलटणच्या पुढं एका गावात आम्हाला जेवण नव्हतं. म्हणजे कुणी ठरवलेलंच नव्हतं. एका घरातून सकाळच्या भाकऱ्या आल्या, दुसऱ्या घरातून ताक, तिसरीकडून लोणचं. जाताना त्याच गावानं पंक्तीवर पंक्ती उठवल्या होत्या. त्या पंक्तीत मी काय जेवलो ते आता सांगता येणार नाही.

तर चार्वाकराव, दर्शन न घेता यायचं तर चालायचं कशाला? मी परत चाललो तेव्हा पुढं दर्शन नव्हतंच. दर्शन झालेलं होतं, पाठीमागं होतं. तरी पाय नीट पडत होते. यातून तुम्ही काय काढायचं ते काढा, मला सिद्धांत मांडता येत नाही.

---

चार्वाक_रिटर्न्स | शुक्रवार, दुपारी ४.५८

वाचलं. वाद घालण्यासारखं काही सापडलं तर उद्या येतो.

---

वऱ्हाडी_पळस | शुक्रवार, संध्याकाळी ६.१०

म्हशीवाल्याले आपला दंडवत.

---

पावसाळी | रविवार, पहाटे ४.०५

पंढरपूर. भीमाकाठ दादांच्या भागात खोली नाही मिळाली, '६५ एकर' म्हणतात त्या नदीपलीकडच्या तळावर दिंडीच्या तंबूतच आहोत. चिखल आहे, पण शौचालयं आणि पाणी आहे.

काल दुपारपर्यंत वाखरीलाच होतो. माउलींचा मान सगळ्यात शेवटी, आणि आम्ही रथाच्याही मागं, त्यामुळं बसून राहिलो. इसबावीच्या पुढं गर्दी अशी की मी स्वतः चालत नव्हते, नेली जात होते. पादुका शितोळे सरकारांच्या (माउलींच्या अश्वांचे मानकरी) गळ्यात देतात तो सोहळा मी दुसऱ्याच्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, त्यानं हात उंच करून धरलेला. गावात शिरायला रात्र झाली. कळस दिसला तेव्हा पाऊस होता आणि माझा चश्मा भिजलेला. आजींनी माझा हात गच्च धरून ठेवला होता. मला वाटलं भक्तीनं. नंतर म्हणाल्या, चप्पल निघाली होती, वाकता येईना.

नदीत उतरले, डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणं झटपट. रांगेला गेले नाही. मुखदर्शनाचं उद्या-परवा बघू. आज नगरप्रदक्षिणा आहे.

नाना, आमच्यातले ते दोन्ही काका रात्रीच गेले. त्यांनी तुम्हाला रामकृष्णहरी सांगितलंय.

---

नाना_परभणी | रविवार, रात्री ८.३०

रामकृष्णहरी ताई. मी सकाळीच घरी पोचलो. दिसभर पेरलं. उपासाला भगर होती, ती बांधावर खाल्ली.

---

पावसाळी | मंगळवार, दुपारी २.२०

शेवटचं. पडशी काका, रागावू नका, काल्याला थांबत नाहीये. रजा ताणायला गेले ती ताणली नाही, आणि खरं सांगायचं तर तंबूत आता करमतही नाही, निम्मी दिंडी गेली. काल पारण्याला पुरणपोळी होती. मुखदर्शन काल रात्री झालं. पाठीमागचा लोड दिसतो का ते बघायच्या नादात हात जोडायचे राहिले, पुढच्यांनी सरकवलं.

भिशीतले उरलेले पैसे अन्नदानालाच गेले. तट मोडला तो आजींनी. म्हणाल्या, परत द्यायचे असतील तर माझे चुरमुऱ्याला द्या, मग बघते कोण कोण मागतंय. कुणीच मागितले नाहीत. चुरमुरे त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतले, दोन मोठ्या पिशव्या, बत्तासे आणि बुक्का वेगळा. त्यातली एक पिशवी बसपर्यंत मी वाहिली. एसटीची तात्पुरती स्थानकं गावाबाहेर आहेत आणि विभागवार वेगळी, त्यामुळं त्यांची गाडी एकीकडं आणि माझी दुसरीकडं. आजी पंचाहत्तरच्या पुढच्या, त्यांना तिकीट नाही, मला अर्धं. कंडक्टरला त्यांनी आधार कार्डाऐवजी आधी यादीच काढून दिली.

---

पडशी | मंगळवार, दुपारी ३.००

रागावतो कशाला. सुखरूप पोचा. दोन दिवस पाय उशीवर घेऊन झोपा आणि भात-वरण खा.

---

आडवाट | मंगळवार, संध्याकाळी ५.१५

काका, मला यंदा गुरुवारी काल्यानंतर माउलींबरोबर परत चालायचं आहे. बाजीराव विहिरीपासून डोक्यात घोळतंय. बरोबर काय घेऊ? दिंडी नसेल तर एकटीनं चालेल का?

---

पडशी | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

एकटीनं नको, ओळखीची एक-दोन माणसं बघा. आमच्याकडच्या दोघी यंदा निघताहेत, त्यांना विचारून निरोप टाकतो, त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्यात मिसळा. ट्रक, राहुटी, आचारी यातलं बरोबर काही नसणार असं धरूनच या. पाठीवर मावेल तेवढंच घ्या : एक जोड कपडे, पातळ चादर, ताट-तांब्या, विजेरी, ओआरएस, डॉक्टरांनी सांगितलेलं व्हॅसलीन. दोन वेळचं कोरडं खाणं नेहमी जवळ ठेवा, शेंगदाणे-गूळ पुरे. छत्री नको, वारा फार असतो, रेनकोट आणा. आणि आजच्या आज चप्पल बघून ठेवा, गोपाळपुराहून निघाल्यावर मध्ये कुणी थांबत नाही.